कायद्याचं विचारा : न्यायमूर्तींची फाईल कुठं थांबते?

प्रश्न : वकीलबाईंना नमस्कार. मी साखळीचा निवृत्त मास्तर. माझी नात पणजीला कायदा शिकते. यंदा चवथीला घरी आली तेव्हा माटोळी बांधून झाल्यावर तिनं मला मोबाईलवर अमेरिकेतली एक बैठक दाखवली. न्यायाधीश होऊ घातलेला माणूस समोर बसलाय, सिनेटर त्याला एकामागून एक प्रश्न विचारताहेत आणि सगळा देश ते बघतोय. मी विचारलं, आपल्याकडे अशी बैठक कुठं असते? ती म्हणाली, "आजोबा, आपल्याकडे न्यायाधीशच न्यायाधीशांना नेमतात." हे खरं का? मग आम्ही निवडून दिलेल्या सरकारचा त्यात काहीच हात नाही? आमचा मुंडकारीचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या हक्काचा, एक दावा अपिलात कितीतरी वर्षं पडून आहे. चौकशी केली की उत्तर एकच, जज्ज कमी आहेत. म्हणून पोटतिडकीनं विचारतो.

उत्तर : मास्तर, तुमची नात अर्धी बरोबर आहे. उच्च न्यायालयासाठी नाव न्यायाधीशच सुचवतात. पण नेमणूक होते ती राष्ट्रपतींच्या सहीशिक्क्यानं, आणि सुचवल्यापासून सही होईपर्यंतच्या वाटेवर सरकारचे बरेच नाके आहेत. राज्यघटनेचं कलम 217 सांगतं की राष्ट्रपतींनी भारताचे सरन्यायाधीश, राज्याचे राज्यपाल आणि त्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती यांच्याशी विचारविनिमय करून न्यायाधीश नेमावा. हा "विचारविनिमय" शब्द ध्यानात ठेवा. गेल्या पन्नास वर्षांतलं सगळं भांडण त्या एका शब्दाचं आहे.

मी म्हापशाला वकिली सुरू केली ती 1979 साली. माझे ज्येष्ठ पोर्तुगीज अमदानीत वकील झालेले. त्यांच्या कपाटात अजून पोर्तुगीज संहिता होत्या आणि ते हिशेबही पोर्तुगीजमध्ये पुटपुटत करायचे. गोव्यातलं वरिष्ठ न्यायालय, ज्याला रेलासांव म्हणत, 1544 सालचं. मुंबईचं उच्च न्यायालय 1862 सालचं, म्हणजे त्याच्या तीनशेहून अधिक वर्षं आधी आमच्याकडे अपिलं चालत. पण तिथं कोण बसणार हे लिस्बनमध्ये ठरायचं. माझे ज्येष्ठ सांगायचे, नवा न्यायाधीश कसला आहे हे तो बोटीतून उतरल्यावरच आम्हाला समजायचं, आणि त्याला गोवा कसला आहे हे बदली होऊन जाताना समजायचं. मुक्तीनंतर न्यायिक आयुक्तांचं न्यायालय आलं. पण उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला घटनेनं दिलेली कवचकुंडलं आयुक्ताला नव्हती. 30 ऑक्टोबर 1982 रोजी मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ पणजीत सुरू झालं त्या दिवशी मी तिथं गेले होते. आत जागा मिळाली नाही, बाहेर झाडाखाली उभी राहिले. माझ्या ज्येष्ठांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते मला म्हणाले, आता आपल्या न्यायाधीशाला कोणी एका कागदानं घरी पाठवू शकणार नाही. नेमणुकीचा प्रश्न मला जिव्हाळ्याचा का वाटतो ते तुम्हाला यावरून कळेल.

आता वाट सांगते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीश, असे तिघे मिळून नावं ठरवतात. याला कॉलेजियम म्हणतात, मराठी पेपर न्यायवृंद लिहितात. जागा रिकामी होण्याच्या सहा महिने आधी हे काम सुरू व्हावं अशी कार्यपद्धती आहे. तिथून प्रस्ताव मुख्यमंत्र्यांकडे आणि राज्यपालांकडे जातो. मुख्यमंत्र्यांचं मत घेऊन राज्यपालांनी सहा आठवड्यांत तो दिल्लीला कायदामंत्र्यांकडे पाठवायचा. कायदा मंत्रालय गुप्तचर विभागाकडून, म्हणजे आयबीकडून, त्या माणसाची माहिती काढतं आणि सगळी फाईल सरन्यायाधीशांपुढे ठेवतं. सरन्यायाधीश आणि सर्वोच्च न्यायालयाचे दोन ज्येष्ठ न्यायाधीश ती तपासतात, शिवाय त्या उच्च न्यायालयाची माहिती असलेल्या आपल्या सहकाऱ्यांना विचारतात. तिथं होकार मिळाला की फाईल परत कायदामंत्री, मग पंतप्रधान, मग राष्ट्रपती. सरकारला हरकत असेल तर ती लिहून फाईल एकदा फेरविचाराला पाठवता येते. कॉलेजियमनं तेच नाव एकमतानं पुन्हा पाठवलं की नेमणूक करणं सरकारला बंधनकारक.

हा शेवटचा नियम घटनेत लिहिलेला नाही. तो 1993 च्या निकालातून आला. 1981 साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी सांगितलं होतं की विचारविनिमय म्हणजे विचारणं, संमती नव्हे. विचारल्यावर अखेरचा शब्द सरकारचा. 1993 साली नऊ न्यायाधीशांनी ते उलटवलं आणि न्यायपालिकेचं मत वरचढ ठरवलं. आपल्याकडे देवळात कौल लावतात ना, तसं समजा. शेजाऱ्याला विचारलं तर त्याचं ऐकायचं की नाही ते आपल्या हातात. पण देवासमोर उभं राहून प्रसाद लावला आणि उजवी पाकळी पडली की ती मानावी लागते, मनासारखी नाही म्हणून पुन्हा पुन्हा लावत बसता येत नाही. 1981 चा निकाल शेजाऱ्याला विचारण्याचा होता, 1993 चा कौलाचा. 1998 मध्ये राष्ट्रपतींनी मत मागवल्यावर न्यायालयानं कॉलेजियमची आजची रचना पक्की केली.

हे का झालं ते नातीला अवश्य सांगा, कारण नुसती कलमं पाठ करून ते कळत नाही. 1973 साली तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून सरन्यायाधीश नेमले गेले. आणीबाणीत 1976 साली सोळा उच्च न्यायालयीन न्यायाधीशांच्या त्यांच्या मर्जीविरुद्ध बदल्या झाल्या. 1977 च्या जानेवारीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांना डावललं गेलं. नऊ महिन्यांपूर्वी त्यांनी एकट्यानं लिहिलं होतं की आणीबाणीतही माणसाच्या जिवाचा हक्क सरकारच्या मर्जीवर नाही. असं सगळं बघितलेल्या न्यायालयानं नेमणुकीची दोरी आपल्या हाती ओढून घेतली, याचं मला नवल वाटत नाही.

आता तुमच्या सिनेटच्या प्रश्नाकडे येते. आपल्या घटनाकारांपुढे हा पर्याय होताच. 24 मे 1949 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुकांवर संविधान सभेत चर्चा झाली. संसदेनं दोन तृतीयांश मतांनी मंजुरी द्यावी, अशी एक सूचना होती. सरन्यायाधीशांची संमती सक्तीची करावी, अशी दुसरी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन्ही नाकारल्या. सभागृहाच्या मंजुरीची पद्धत त्यांना अवजड वाटली आणि तिच्यातून राजकीय दडपण आत शिरेल अशी भीती वाटली. सरन्यायाधीशांबद्दल ते म्हणाले की तोही माणूसच, सामान्य माणसाचे सारे दोष आणि ग्रह त्याच्याकडेही असणार. राष्ट्रपतींना किंवा सरकारला जो नकाराधिकार आपण देत नाही तो त्याला कसा द्यावा? म्हणून त्यांनी मधली वाट धरली, विचारविनिमयाची. आज आपण जिथं उभे आहोत ती जागा बाबासाहेबांनी नाकारलेल्या दुसऱ्या सूचनेच्या बरीच जवळ आहे. हे मला खटकतं, आणि कॉलेजियमच्या बाजूनं बोलतानाही मी ते लपवत नाही.

संसदेनं 2014 साली ही घडी बदलायचा प्रयत्न केला. 99 वी घटनादुरुस्ती आणि राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग. सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायाधीश, कायदामंत्री आणि दोन मान्यवर व्यक्ती, असे सहा जण. यातल्या कोणत्याही दोघांनी विरोध केला तर नाव बाद. 16 ऑक्टोबर 2015 रोजी न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं ही दुरुस्ती रद्द केली. वेगळं मत होतं न्यायमूर्ती चेलमेश्वर यांचं. दोन मान्यवरांना न्यायाधीशांचं नाव पाडता यावं हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. पण न्यायमूर्ती चेलमेश्वर यांनी कॉलेजियमच्या बंद दाराबद्दल जे लिहिलं ते पटलं होतं. ऑक्टोबर 2017 पासून कॉलेजियम आपले ठराव संकेतस्थळावर टाकू लागलं. काही ठरावांत कारणं तपशिलानं असतात, काहींत नावांपलीकडे फारसं काही नसतं.

मास्तर, माझा खरा मुद्दा पुढे आहे. अखेरचा शब्द कोणाचा, यावर लोक हिरिरीनं भांडतात. चाळीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यावर मला वाटतं, भांडायचं तर ते न बोललेल्या शब्दाशी भांडायला हवं. राज्यपालांकडून सहा आठवड्यांत मत आलं नाही तर राज्याला काही म्हणायचं नाही असं धरून कायदामंत्री पुढे जाऊ शकतात. म्हणजे राज्याच्या गप्प बसण्याला कार्यपद्धतीनं अर्थ दिलाय. केंद्र गप्प बसलं तर? त्याला कसलाच अर्थ नाही. फाईल तिथंच राहते.

मुंबई उच्च न्यायालयाचंच उदाहरण घ्या. अ‍ॅडव्होकेट सोमशेखर सुंदरेशन यांचं नाव मुंबईच्या कॉलेजियमनं ऑक्टोबर 2021 मध्ये सुचवलं. सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमनं ते फेब्रुवारी 2022 मध्ये पुढे पाठवलं. नोव्हेंबर 2022 मध्ये सरकारनं ते फेरविचारासाठी परत केलं, कारण त्यांनी समाजमाध्यमांवर न्यायालयापुढे असलेल्या विषयांबद्दल मतं मांडली होती. 18 जानेवारी 2023 रोजी कॉलेजियमनं नाव पुन्हा पाठवलं आणि लिहिलं की मत मांडण्याचं स्वातंत्र्य घटनेनं सगळ्या नागरिकांना दिलंय, तेवढ्यावरून कोणी न्यायाधीशपदाला अपात्र ठरत नाही. इथवर सगळं मला योग्य वाटतं. सरकारनं हरकत लेखी दिली, न्यायालयानं उत्तर लेखी दिलं, दोन्ही लोकांना वाचायला मिळालं. एकानं दुसऱ्याला अडवायचं तर ते असंच उघड्यावर, कारण देऊन. पण त्यानंतर नेमणूक निघाली 23 नोव्हेंबर 2023 रोजी. मधल्या दहा महिन्यांचं कारण कुठल्याच कागदावर आलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2021 मध्ये सांगितलं होतं की नाव एकमतानं परत आल्यावर तीन-चार आठवड्यांत नेमणूक व्हावी. पण मुदत टळली तर काय, हे सांगितलं नाही. आमच्याकडे लेखी कैफियत वेळेत दिली नाही तर प्रतिवादीचा हक्क जाऊ शकतो. एवढ्या मोठ्या पदाच्या फाईलला तेवढीही शिस्त नसावी?

अमेरिकेलाही हे दुखणं आहे बरं. नातीला सांगा, मार्च 2016 मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी मेरिक गार्लंड यांचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी दिलं. सिनेटनं त्यांना होकारही दिला नाही, नकारही दिला नाही, बैठकच घेतली नाही. जानेवारी 2017 मध्ये नाव आपोआप बाद झालं. 1987 साली रॉबर्ट बोर्क यांना 42 विरुद्ध 58 मतांनी नाकारलं होतं, पण निदान कोणी नाकारलं हे तरी लोकांनी पाहिलं. तुम्ही मोबाईलवर पाहिलेली बैठक घेणं न घेणं बहुमतवाल्यांच्या मर्जीवर असतं.

तुमच्या दाव्याशी याचा संबंध असा. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश 62 व्या वर्षी निवृत्त होतो. म्हणजे तो शपथ घेतो त्याच दिवशी त्याची जागा कधी रिकामी होणार हे ठरलेलं असतं. मुंबई उच्च न्यायालयाला सगळी खंडपीठं धरून 94 न्यायाधीशांची मंजुरी आहे. राजीनामा, मृत्यू, बढती आणि बदली सोडली तर एकही जागा अचानक रिकामी होत नाही. तरीही जज्ज कमी हे उत्तर तुम्हाला मिळतं, तेव्हा कुठल्यातरी टेबलावर कुठलीतरी फाईल पडलेली असते, आणि तिच्यावर आज कोणाचा हात आहे हे तुम्हा-आम्हाला विचारता येत नाही. मला हवं आहे ते इतकंच की केंद्रालाही राज्यासारखी मुदत असावी, ती टळली तर होकार धरावा, आणि फाईल कोणत्या तारखेला कोणाकडे गेली हे संकेतस्थळावर दिसावं. कदंबाची बस उशिरा आली तर आपण कंट्रोलरला जाऊन विचारतो. इथं विचारायला खिडकी नाही.

प्रश्न : गोव्याचं उच्च न्यायालय म्हणजे मुंबईचंच. मग नावं ठरवताना आमच्या मुख्यमंत्र्यांना कोणी विचारतं का? गोव्यासाठी काही राखीव जागा असतात का? – एक वाचक, काणकोण

उत्तर : विचारतात. कलम 231 सांगतं की एकाच उच्च न्यायालयाखाली अनेक राज्यं असतील तर कलम 217 मधले "राज्यपाल" म्हणजे त्या सगळ्या राज्यांचे राज्यपाल समजायचे. 99 व्या दुरुस्तीत हे उपकलम वगळलं गेलं होतं. दुरुस्ती रद्द झाली आणि ते परत जिवंत झालं. त्यामुळे कोल्हापूरच्या किंवा नागपूरच्या वकिलाचं नाव असलं तरी ती फाईल पर्वरीच्या सचिवालयात आणि दोनापावल्याच्या टोकावर आमच्या राज्यपालांकडे येते. कॉलेजियमच्या ठरावांत महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांच्या मुख्यमंत्र्यांचा उल्लेख तुम्हाला वाचायला मिळेल.

राखीव जागा मात्र नाहीत. गोव्यातले वकील आणि जिल्हा न्यायाधीश तिथवर पोचले आहेत, पण कोट्यातून नव्हे. न्यायमूर्ती फर्दिनो रिबेलो हे पूर्वी गोवा विधानसभेचे आमदार होते, पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि 2010 साली अलाहाबादचे मुख्य न्यायमूर्ती झाले. राजकारणातून आलेला माणूस निःपक्ष राहू शकत नाही असं म्हणणाऱ्यांना मी त्यांचं नाव सांगते.

एक मनातलं लिहिते. गोव्याचा बार, म्हणजे वकीलवर्ग, लहान आहे. कोण किती अभ्यास करून उभा राहतो, कोण अशिलाला कसं वागवतो, हे पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळ्या वकिलांना ठाऊक असतं. खुल्या न्यायालयात वकिलाची वागणूक बघितलेले न्यायाधीश हे जेवढं जाणतात तेवढं कुठलाही गुप्त अहवाल सांगू शकणार नाही. पण लहान गावात ओळख आणि सोयरीकही लवकर जमते. म्हणून नाव इथून जावं आणि तपासणारे डोळे बाहेरचे असावेत, ही रचना आपल्यासाठी बरीच आहे.

प्रश्न : चुकीचा माणूस न्यायाधीश झालाच तर त्याला काढता येतं का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : येतं, पण फार अवघड आहे आणि ते अवघडच असायला हवं. लोकसभेच्या 100 किंवा राज्यसभेच्या 50 सदस्यांच्या सह्यांनी प्रस्ताव, मग चौकशी समिती, मग दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा प्रस्ताव राज्यसभेनं ऑगस्ट 2011 मध्ये मंजूर केला. लोकसभेत मतदान होण्याआधी त्यांनी राजीनामा दिला. आजवर या वाटेनं कोणीही शेवटपर्यंत काढला गेलेला नाही. मागचं दार इतकं अरुंद, म्हणून पुढच्या दारावर नीट बघून आत घ्यायला हवं.

प्रश्न : बाई, माझा मुलगा म्हापशाला अकरा वर्षं वकिली करतो. कामात हुशार आहे, असं लोक म्हणतात. हायकोर्टाचा न्यायाधीश व्हायला अर्ज कुठं करायचा? घरात कोणी वकील नव्हतं, म्हणून तुम्हाला विचारते. – एक आई, शिवोली

उत्तर : माये, अर्ज नसतोच. बोलावणं येतं. घटनेप्रमाणे उच्च न्यायालयात दहा वर्षं वकिली किंवा दहा वर्षं न्यायिक पद एवढी अट आहे, म्हणजे कागदावर तुझा मुलगा आजच पात्र आहे. पण वकिलांमधून घेताना साधारण पंचेचाळिशी उलटलेल्यांचाच विचार होतो, त्यामुळे अजून धीर धरावा लागेल. नाव ठरलं की मुख्य न्यायमूर्ती बोलावून संमती विचारतात. काही जण नाही म्हणतात, कारण चालती वकिली सोडून ठरलेला पगार घ्यायचा असतो. पहिली नेमणूक बहुधा अतिरिक्त न्यायाधीश म्हणून, जास्तीत जास्त दोन वर्षांची, आणि मग कायम. माणसाला दोन वर्षं टांगतं ठेवून निर्भयपणे न्याय करायला सांगणं मला मुळीच पसंत नाही, पण पद्धत अशी आहे.

पात्रतेची अट किरकोळ समजू नका. गुवाहाटी उच्च न्यायालयासाठी राष्ट्रपतींचं नेमणूकपत्र निघालेलं असताना एका वकिलानं ते अडवलं, शपथ थांबली आणि 1992 साली सर्वोच्च न्यायालयानं नेमणूकच रद्द केली, कारण नेमलेला माणूस ना कधी वकील होता, ना न्यायिक पदावर होता. एवढे सगळे नाके पार करून गेलेली चूक एका साध्या वकिलानं पकडली.

मुलाला सांग, त्यानं चालवलेल्या ज्या खटल्यांचे निकाल कायद्याच्या अहवालांत छापून आले त्यांच्या प्रती वर्षावार लावून ठेव, आयकराची विवरणपत्रं जपून ठेव. फाईलमध्ये हे दोन्ही बघतात. उत्पन्न थोडं असेल तर त्याची लाज नको; गरिबाचे खटले फुकट चालवले असतील तर त्यांची यादीही त्याच कपाटात ठेवू दे.